स्वस्त मोटारीचा महाग हिशेब

२०२५ या एका वर्षात महाराष्ट्रातील सामान्य प्रवाशाच्या पदरात काय पडले, ते एकत्र मांडून पाहण्यासारखे आहे. जानेवारीत एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मे महिन्यात मुंबईच्या बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपयांवर गेले. १ जूनपासून पुण्याच्या पीएमपीएमएलनेही पहिल्या टप्प्याच्या पाच रुपयांचे दहा केले. आणि २२ सप्टेंबरला छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के व वर अधिभार होता, तो १८ टक्क्यांवर आणण्यात आला. बसने जाणाऱ्याचा प्रवास महाग झाला आणि मोटार घेणाऱ्याची मोटार स्वस्त झाली. बसवरील करही त्याच दिवशी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ज्या परिवहन उपक्रमांच्या तिजोरीत नवी बस घेण्यास पैसाच नाही, त्यांना या सवलतीचा उपयोग किती, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

नव्या मोटारीची किंमत उतरली की जुन्या मोटारीची किंमत तिच्यामागून उतरते. त्यामुळे गेल्या काही काळात एक युक्तिवाद मोठ्या उत्साहाने मांडला जात आहे. लाख-दीड लाख रुपयांत दहा-बारा वर्षांची, चालती, चौघांना पुरेशी मोटार मिळते. मग सामान्य माणसाने बसथांब्यावर ताटकळत का उभे राहावे? सार्वजनिक वाहतुकीवर जनतेचा पैसा का ओतावा? जुनी मोटार हीच गरिबाची खरी वाहतूक योजना आहे, आणि ती सरकारने न आखता बाजाराने आपणहून आखली आहे, असे हे प्रतिपादन आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला एक प्रतिक्रिया आहे आणि ती डाव्या वर्तुळांतच अधिक ऐकू येते. कारखान्यातील एखाद्या कामगाराने किंवा प्राथमिक शिक्षकाने तिसऱ्या हातची वॅगन-आर दारात उभी केली, की काही जुने कार्यकर्ते कुत्सितपणे हसतात. ‘गडी चारचाकीवाला झाला, आता मोर्चाला कशाला येतो!’ जुनी मोटार हे त्यांच्या लेखी चंगळवादाचे लक्षण आणि वर्ग सोडल्याची खूण असते.

हे दोन्ही पक्ष सारखेच चुकतात, कारण दोघांनीही हिशेब केलेला नाही. हिशेब हे समाजवाद्यांचे जुने हत्यार आहे. १९६३ मध्ये लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातील बहुसंख्य माणूस रोज तीन आण्यांवर जगतो असे सांगितले, तेव्हा त्या एका आकड्याने पंतप्रधानांपासून नियोजन मंडळापर्यंत सर्वांना कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले. जुन्या मोटारीच्या प्रश्नालाही तीच कसोटी लावली पाहिजे.

दीड लाखांची मोटार वर्षाला किती खाते?

हडपसरकडे राहणारे आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे एक कुटुंब कल्पनेने समोर ठेवू. जाऊन-येऊन रोज सुमारे पन्नास किलोमीटर, वर्षाचे कामाचे तीनशे दिवस. म्हणजे वर्षाला पंधरा हजार किलोमीटर. मोटार दहा-बारा वर्षांची, हजार घनसेंटिमीटरच्या आतल्या इंजिनाची, किंमत दीड लाख रुपये. पाच वर्षे वापरून ती पन्नास हजारांना विकली जाईल असे उदारपणे धरले, तरी घसारा वर्षाला वीस हजार होतो. पैसे कर्जाऊ घेतले असोत वा पतपेढीतील ठेव मोडून उभे केले असोत, त्यांच्या व्याजाचे वर्षाला बारा हजार धरले पाहिजेत. विम्याचे तीन हजार: १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे या वर्गातील मोटारीचा नुसता थर्ड पार्टी हप्ताच २,०९४ रुपये आहे, त्यावर कर निराळा. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक, तेलपाणी आणि गॅरेजवाल्याची मजुरी मिळून वर्षाला वीस हजार. जुन्या मोटारीला हे फार नव्हे. राहिले पेट्रोल. जुन्या इंजिनाला शहराच्या गर्दीत लिटरमागे पंधरा किलोमीटर मिळाले, तर वर्षाला एक हजार लिटर लागेल आणि लिटरला १०५ रुपये धरल्यास त्याचे एक लाख पाच हजार रुपये होतील.

बेरीज एक लाख साठ हजार. दीड लाखांना घेतलेली ‘स्वस्त’ मोटार दर वर्षी स्वतःच्या किमतीहून अधिक पैसा खाते. दरमहा तेरा हजार तीनशेच्या वर. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांत चालणारा पीएमपीएमएलचा मासिक पास भाडेवाढीनंतर १,५०० रुपयांना मिळतो. म्हणजे वर्षाला अठरा हजार. घरातील दोघांनी पास काढले तरी छत्तीस हजार.

यावर कोणी म्हणेल, की वापर कमी ठेवावा. पण येथे दुसरा पेच आहे. हीच मोटार वर्षाला फक्त पाच हजार किलोमीटर चालवली, तर पेट्रोल पस्तीस हजारांवर येईल. परंतु घसारा, व्याज आणि विमा तसूभरही कमी होणार नाहीत. गॅरेजचा खर्च पंधरा हजारांवर आला असे मानले तरी एकूण पंचाऐंशी हजार होतात. पहिल्या हिशेबात किलोमीटरला सुमारे पावणेअकरा रुपये पडत होते, येथे सतरा पडतात. मोटार जितकी कमी फिरवावी तितकी ती महाग पडते, आणि जितकी अधिक फिरवावी तितका घरातला अधिक पैसा तिच्यात जातो. तुटपुंज्या मिळकतीच्या घराला यातून सुटका नाही.

माहिती ज्याच्याकडे, बाजार त्याचा

वरचा हिशेब मोटार चांगली निघाली असे गृहीत धरून केलेला आहे. ती वाईट निघण्याचा संभव या बाजारात वजा करता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये लिहिलेला जो निबंध पुढे जगभर अभ्यासला गेला आणि ज्या कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्या निबंधाचे उदाहरणच जुन्या मोटारींच्या बाजाराचे आहे. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. चांगली आणि वाईट गाडी बाहेरून सारखीच दिसत असल्याने घेणारा दोहोंच्या मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक गाडी विकायला नाखूश होतो आणि वाईट गाडीचा मालक आनंदाने पुढे येतो. हळूहळू बाजारात वाईट मालाचा भरणा होतो. बाजार आपोआप न्याय करतो असे सांगणाऱ्यांनी निदान या एका बाजारापुरता तरी हा निबंध वाचावा.

व्यवहारात याचे रूप कसे असते, हे ज्यांनी अशी खरेदी केली आहे त्यांना सांगावे लागत नाही. किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला असतो. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला उभी केली जाते. अपघातात वाकलेल्या सांगाड्यावर नवा रंग चढतो. बड्या दालनांत तपासणी, हमी आणि परतीची मुदत असते, पण तिचा मोबदला किमतीत धरलेला असतो. शिवाय दालन किंवा नोंदणीकृत व्यापारी विकत असेल तर त्याच्या नफ्यावर २०२५ च्या आरंभापासून बाराऐवजी अठरा टक्के कर आहे. ज्याच्यापाशी थोडेच पैसे आहेत तो एजंटकडे किंवा ओळखीतून जातो, आणि तेथे हमी असते ती केवळ तोंडची. जुन्या मोटारीच्या कर्जाचा व्याजदरही नव्या मोटारीच्या दरापेक्षा चढा असतो. ज्याची ऐपत कमी त्याला व्याज अधिक, पेट्रोल अधिक आणि दुरुस्ती अधिक, असा हा व्यवहार आहे. दारिद्र्य महाग असते, याचे याहून ढळढळीत उदाहरण सापडणे कठीण.

त्यात सरकारची भर आहेच. पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशे रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते २०२५ मध्ये दहा हजार करण्यात आले. हेतू प्रदूषण रोखण्याचा सांगितला जातो आणि तो हेतू कोणी नाकारत नाही. पण नाइलाजाने जुनी गाडी वापरणाऱ्यावर हा दंड बसतो, आणि त्याच वर्षी अवजड, आलिशान मोटारींवरील कर अधिभारासह पन्नास टक्क्यांपर्यंत जात होता तो चाळीसवर उतरतो. या पर्यावरणप्रेमाचा कल कोणत्या बाजूला आहे, ते उघड आहे.

मग लोक मोटार का घेतात?

एवढे सगळे खरे असेल, तर माणसे जुनी मोटार घेतात ती काय मूर्ख म्हणून? मुळीच नाही. येथेच कुत्सितपणे हसणाऱ्या मित्रांची चूक सुरू होते.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळी रात्री अकरा-साडेअकराला सुटते. त्या वेळी थांब्यावर उभ्या असलेल्या कामगाराला विचारावे, की बस कधी येते. घरात डायलिसिसवर असलेले वडील आहेत, त्यांना आठवड्यातून दोनदा रुग्णालयात न्यायचे आहे. रिक्षा परवडत नाही, बसची पायरी चढता येत नाही. दोन मुलांना पुढे-मागे बसवून जोडपे पावसात दुचाकीवरून चालले आहे. एकदा घसरले, की दुसऱ्या महिन्यात ते कुटुंब जुनी अल्टो शोधू लागते. ही चैन नव्हे. मोटार घेताना त्या घराने सोने गहाण ठेवलेले असते, आणि दिवाळीचे कपडे त्या वर्षी झालेले नसतात.

चौघांचे कुटुंब स्कूटरवरून पावसातून जाताना पाहून स्वस्त मोटारीची कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. ती एक लाखाची म्हणून गाजलेली नॅनो २००९ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्याआधी डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तीही जनतेची मोटार म्हणूनच. पण २०११ च्या जनगणनेपर्यंतही देशातील शंभरांपैकी पाच घरांपाशीसुद्धा मोटार नव्हती, प्रमाण ४.७ टक्के होते. जनतेची मोटार म्हणून जे काही प्रत्यक्षात उतरले, ते दुसऱ्याने वापरून टाकलेल्या मोटारीच्या रूपाने. उद्योगपतीची कणव खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्या भिजणाऱ्या कुटुंबाला पाहून चौघांना कोरडे आणि सुखरूप नेणारी बस त्या रस्त्यावर का नाही, हा प्रश्न ना उद्योगपतीला पडला, ना राज्यकर्त्यांना.

वस्तुतः जुनी मोटार हा बस नसल्याबद्दल कुटुंबाने भरलेला कर आहे. तो सरकारच्या अर्थसंकल्पात दिसत नाही, कारण तो पेट्रोल पंपावर, गॅरेजात आणि कर्जाच्या हप्त्यात भरला जातो. वरच्या हिशेबातील पन्नास कुटुंबे घ्यावीत, म्हणजे एक बसभर माणसे. त्यांच्या पन्नास मोटारी वर्षाला ऐंशी लाख रुपये खातात. त्याच पन्नास जणांच्या पासाची किंमत होते नऊ लाख. मधले एकाहत्तर लाख रुपये ही एका बसच्या अनुपस्थितीची किंमत आहे. ‘बसला अनुदान परवडत नाही’ असे सांगणारे अर्थमंत्री आणि आयुक्त हा आकडा आपल्या वहीत कधीच लिहीत नाहीत, कारण तो दुसऱ्याच्या खिशातून गेलेला असतो.

यात आणखी एक दुष्टचक्र आहे आणि ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. एकदा मोटार दारात आली, की घसारा, व्याज, विमा हे खर्च होऊन गेलेले असतात. पुढच्या प्रत्येक फेरीला माणूस फक्त पेट्रोलचा विचार करतो. रविवारी चौघांनी गावी जायचे, तर एसटीची चार तिकिटे आणि गाडीचे पेट्रोल यांत फारसे अंतर उरत नाही. म्हणून जी मोटार केवळ रात्रपाळीसाठी घेतली, ती दुपारच्या आणि रविवारच्या बसचा प्रवासीही घेऊन जाते. प्रवासी घटला की बसची फेरी कमी होते, फेरी कमी झाली की थांब्यावरचा वेळ वाढतो, आणि वेळ वाढला की आणखी एक कुटुंब जुनी मोटार शोधते. रस्त्यावर मोटारी वाढतात, त्यांच्या गर्दीत उरलेली बसही अडकते. शेवटी सारेच पूर्वीपेक्षा उशिरा आणि पूर्वीपेक्षा अधिक पैसे मोजून पोचतात. प्रत्येक घराने आपापल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला, तरी त्यातून सर्वांचे नुकसान झाले. असे कोडे बाजार सोडवू शकत नाही. ते सामुदायिक निर्णयानेच सुटते.

आणि ते सुटू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला, तेव्हा बाया-बापड्यांनी गाड्या भरून टाकल्या. लोकांना बस नको आहे, ही कोल्हेकुई त्या एका निर्णयाने उघडी पडली. याउलट २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी संपामुळे जवळजवळ ठप्प होती. कर्मचाऱ्यांच्या हलाखीकडे वेळीच लक्ष दिले असते, तर तो संप इतका लांबला नसता. त्या साडेपाच महिन्यांत ज्या घराला स्वतःचे वाहन शोधावे लागले, ते घर एसटी सुरू झाली म्हणून वाहन विकून पुन्हा फलाटावर आले असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, हसणे थांबवावे. जुनी मोटार घेणारा कामगार हा बस मिळवण्याच्या लढ्यातला सर्वांत जाणकार साक्षीदार आहे. बस नसण्याची किंमत त्याने रुपयांत मोजलेली आहे. त्याला दूर लोटणे म्हणजे आपला साक्षीदार आपणच घालवणे.

दुसरी गोष्ट, ज्याला ती घ्यावीच लागते त्याच्या पाठीशी उभे राहावे. शाखेच्या कार्यालयात रेशनकार्डाचे अर्ज भरून दिले जातात, तसे हेही काम आहे. पैसे देण्यापूर्वी गाडीवर कर्जाचा बोजा नाही ना, हे नोंदणी पुस्तकावरून पाहावे. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा. विकणाऱ्याने २९ आणि ३० क्रमांकांच्या अर्जांवर सही केली म्हणजे काम संपले असे मानू नये. हस्तांतराची खबर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते, आणि विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. गाडी विकणाऱ्या कामगारालाही हे बजावले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी तीन हात पुढे गेली आणि अपघात झाला, तर भरपाईचा बोजा पहिल्याच्या गळ्यात पडू शकतो.

तिसरी गोष्ट ही मूळ लढ्याची. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात केंद्र सरकारनेच लिहून ठेवले, की रस्त्याचा विचार वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या हालचालीच्या दृष्टीने व्हावा. त्या वाक्याची अंमलबजावणी मागायची आहे. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याच्या वेळेला, रात्री अकराच्या पाळीलासुद्धा, बस उभी असली पाहिजे आणि तिच्या खर्चात कारखानदाराचा वाटा असला पाहिजे. एसटीच्या तिकिटातून वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतला गेला; तो प्रवाशाचा पैसा आहे, तो बस आणि कर्मचारी यांवरच खर्च झाला पाहिजे. पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर आहे. कामगाराच्या जुन्या मोटारीतून गोळा होणाऱ्या या पैशाचा ठरावीक हिस्सा परिवहन उपक्रमांना मिळाला पाहिजे. जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला अपघात, पूर आणि दुरुस्ती यांची लेखी माहिती देण्याचे बंधन असले पाहिजे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील शाखांनी या मागण्या घेऊन मोर्चा काढण्यापूर्वी एक काम करावे. पाळी सुटताना कारखान्यांच्या दारांत बसावे आणि मोटारीने घरी निघालेल्या पन्नास कामगारांकडून त्यांचा वर्षाचा खर्च लिहून घ्यावा: हप्ता किती, पेट्रोल किती, गॅरेज किती. तो कागद परिवहन उपक्रमाच्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवावा आणि त्याखाली एवढेच विचारावे: एवढ्या पैशात किती बसगाड्या चालल्या असत्या?